षटकं घटली, गडी दहाच राहिले

७ जून १९७५. लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ धावा केल्या. भारताकडून सलामीला आलेले सुनील गावसकर डाव संपेपर्यंत नाबाद राहिले. १७४ चेंडू खेळले, ३६ धावा केल्या, त्यात चौकार एकच. भारताची धावसंख्या ३ बाद १३२. सामना २०२ धावांनी गेला आणि सात गडी तसेच हातात राहिले.

३१ ऑक्टोबर १९८७. पुन्हा विश्वचषक. नागपूरचं व्हीसीए मैदान, समोर न्यूझीलंड, गावसकरांच्या अंगात ताप. गटात पहिला क्रमांक मिळवायचा तर २२२ धावा ४२.२ षटकांत करायच्या होत्या. भारताने त्या ३२.१ षटकांत केल्या. गावसकर ८८ चेंडूंत नाबाद १०३. त्यांच्या कारकिर्दीतलं हे एकमेव एकदिवसीय शतक, आणि तेही शेवटून दुसऱ्या सामन्यात.

माणूस तोच, तंत्र तेच, वय मात्र बारा वर्षांनी जास्त. मग बदललं काय? लॉर्ड्सच्या त्या खेळीची आजवर भरपूर चेष्टा झाली. मला ती चेष्टेची गोष्ट वाटत नाही. जुन्या क्रिकेटने शिकवलेला धडा त्या दिवशी एका नव्या खेळात शब्दशः गिरवला गेला, एवढंच मला त्यात दिसतं. तो धडा होता, विकेट फेकायची नाही. मुंबईच्या मैदानांवर हा धडा आईच्या दुधासारखा पाजला जाई. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. सचिनला बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते मिळे. कोणीच बाद करू शकलं नाही तर नाणं सचिनचं. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत. विकेटची किंमत काय, हे मुलाला इतक्या थेट रीतीने क्वचितच कोणी समजावलं असेल.

छोट्या क्रिकेटने नेमकी हीच किंमत बदलली. कशी, ते साध्या भागाकाराने समजतं. कसोटीत दिवसाला ९० षटकं धरली तर पाच दिवसांत २,७०० चेंडू होतात आणि दोन्ही संघांचे मिळून ४० गडी. एका गड्याच्या वाट्याला साधारण ६७ चेंडू. पन्नास षटकांच्या सामन्यात ६०० चेंडू आणि २० गडी, म्हणजे गड्यामागे ३०. टी-ट्वेंटीत २४० चेंडू, गडी तेच २०, म्हणजे गड्यामागे १२. इंग्लंडमध्ये २०२१ पासून चालू असलेल्या ‘द हंड्रेड’मध्ये १०. दहा षटकांच्या सामन्यात तर ६.

षटकं कापताना गडी कोणीच कापले नाहीत. सामना ४५० षटकांवरून दोन्ही संघांच्या मिळून वीस षटकांपर्यंत आखडत गेला, पण डावातले गडी दहाचे दहाच राहिले. गेल्या साठ वर्षांत क्रिकेटमध्ये जे काही बदललं, फटके, क्षेत्ररक्षण, गोलंदाजी, अगदी पावसाचं गणितसुद्धा, त्याचं मूळ इथे आहे. वस्तू मुबलक झाली की तिची किंमत उतरते. विकेट मुबलक झाली, चेंडू दुर्मीळ झाला. कसोटीत संघ जपतो गडी आणि खर्च करतो चेंडू. टी-ट्वेंटीत जपायचे असतात चेंडू आणि खर्चायचे असतात गडी.

हे सगळं कोणी बसून, विचार करून आखलेलं नव्हतं. दर वेळी कुठेतरी एक अडचण होती आणि त्या अडचणीवर उपाय म्हणून खेळ थोडा कापला गेला.

पहिली अडचण रिकाम्या खुर्च्यांची. १९६०च्या आसपास इंग्लंडमधल्या काउंटी सामन्यांना प्रेक्षक मिळेनासे झाले होते. तीन दिवसांचा सामना, तोही कामाच्या वारी, कोण बघणार? लीस्टरशायर काउंटीचे सचिव माइक टर्नर यांनी १९६२ साली शेजारच्या तीन काउंट्यांना बरोबर घेऊन ६५ षटकांची छोटी स्पर्धा भरवली. पुढच्याच वर्षी वस्तऱ्याची पाती बनवणाऱ्या जिलेट कंपनीच्या पैशांवर सगळ्या काउंट्यांची स्पर्धा सुरू झाली. आपल्याकडे केरळात त्रिपुनिथुरा इथे के. व्ही. केळप्पन तंपुरान यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच पूजा स्पर्धेत मर्यादित षटकांचे सामने भरवले होते, हे आपण सहसा विसरतो. त्या कल्पनेला मागे ना पैसा मिळाला ना वर्तमानपत्रं, म्हणून ती तिथेच राहिली.

दुसरी अडचण पावसाची. १९७०-७१च्या अ‍ॅशेस मालिकेतली मेलबर्नची कसोटी पावसात वाहून गेली. प्रेक्षकांना काहीतरी द्यायला हवं म्हणून ५ जानेवारी १९७१ रोजी आठ चेंडूंच्या ४० षटकांचा सामना घाईघाईने ठरवला गेला. ४६,००६ लोक आले. आकडा बघून सगळेच चकित झाले आणि पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना म्हणून त्याची इतिहासात नोंद झाली.

भारत या खेळात उतरला तो १३ जुलै १९७४ला, लीड्सच्या हेडिंग्लेवर. कर्णधार अजित वाडेकर. त्यांच्या ६७ आणि ब्रिजेश पटेल यांच्या ८२ धावांमुळे २६५ झाल्या, पण इंग्लंडने त्या पार केल्या. भारताकडून एकदिवसीय क्रिकेटमधला पहिला चेंडू टाकला एकनाथ सोलकरने आणि पहिला बळीही त्यानेच घेतला. त्याच सुमारास, १९७३-७४च्या हंगामात, देशात विभागवार संघांची मर्यादित षटकांची स्पर्धा सुरू झाली होती आणि तिला नाव दिलं होतं पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांचं. पुढे राज्यांच्या एकदिवसीय स्पर्धेला सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंचं नाव मिळालं. दोघेही खेळपट्टीवर ठाण मांडून बसणाऱ्या पिढीचे. त्यांच्या नावाच्या करंडकासाठी आज मुलं पहिल्या षटकापासून उंच फटके मारतात.

आता मैदानाकडे येऊ. धावा अडवणं हे गडी बाद करण्याइतकंच मोलाचं झालं, हे सगळ्यात आधी ओळखलं ससेक्सचा कर्णधार टेड डेक्स्टर याने. १९६३ची पहिली जिलेट स्पर्धा त्याने जिंकली ती स्लिपमधले क्षेत्ररक्षक काढून सीमारेषेजवळ पसरवून. जुन्या लोकांनी नाकं मुरडली, पण चषक ससेक्सकडे गेला, आणि दुसऱ्या वर्षीही गेला. या विचाराचं टोक दिसलं २८ नोव्हेंबर १९७९ला सिडनीत. वेस्ट इंडिजला शेवटच्या चेंडूवर तीन धावा हव्या होत्या. इंग्लंडच्या माइक ब्रिअर्लीने सगळे क्षेत्ररक्षक सीमारेषेवर नेऊन उभे केले, यष्टिरक्षकालासुद्धा! नियमात ते बसत होतं. पण पुढच्याच हंगामात ऑस्ट्रेलियात खेळपट्टीभोवती ३० यार्डांचं वर्तुळ आखलं गेलं आणि त्याच्या आत किती जण राहिलेच पाहिजेत हे ठरलं. आज आपण ज्याला पॉवरप्ले म्हणतो, त्याचा उगम या वर्तुळात आहे.

याच काळात केरी पॅकर नावाच्या ऑस्ट्रेलियन उद्योगपतीने क्रिकेटला रात्री खेळायला लावलं. त्याला आपल्या वाहिनीसाठी कसोटीचं प्रक्षेपण हवं होतं, मंडळ देईना. मग त्याने जगातले उत्तमोत्तम खेळाडू स्वतःच करारबद्ध केले. कामावरून सुटलेला माणूस टीव्हीसमोर बसतो तो संध्याकाळी, म्हणून सामना संध्याकाळी हवा. संध्याकाळी दिवे लावले तर लाल चेंडू नीट दिसत नाही, म्हणून चेंडू पांढरा केला. पांढरा चेंडू पांढऱ्या कपड्यांत हरवतो, म्हणून कपडे रंगीत आले. मागचा पडदाही मग काळा करावा लागला. रंगीत कपडे म्हणजे नुसता दिखावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही साखळी एकदा सावकाश बघावी. नोव्हेंबर १९७८मध्ये सिडनीच्या मैदानावर पॅकरच्या प्रकाशझोतातल्या सामन्याला ४४ हजारांहून अधिक लोक आले आणि जुन्या मंडळाच्या लक्षात आलं की वारा फिरला आहे.

भारतात वारा फिरायला १९८३चा विश्वचषक उजाडावा लागला. त्याआधीच्या दोन विश्वचषकांत मिळून भारताने एकच सामना जिंकला होता, तोही पूर्व आफ्रिकेविरुद्ध. २५ जूनच्या त्या अंतिम सामन्याच्या कथा आपल्याला पाठ आहेत. बलविंदरसिंग संधूचा आत आलेला चेंडू, कपिलने मागे धावत पकडलेला रिचर्ड्सचा झेल. पण १८३ धावा पुरल्या कशा, याचं उत्तर कथेपेक्षा संघाच्या रचनेत जास्त आहे. मोहिंदर अमरनाथ, मदनलाल, रॉजर बिन्नी, स्वतः कपिल देव. थोडी फलंदाजी करणारे, थोडी गोलंदाजी करणारे. कसोटीत अशा खेळाडूला ‘धड ना हे, धड ना ते’ म्हणून बाजूला सारत. मर्यादित षटकांत पाचव्या गोलंदाजाची षटकं कोणीतरी टाकावीच लागतात आणि आठव्या क्रमांकापर्यंत धावा कराव्याच लागतात. अमरनाथच्या अंतिम सामन्यातल्या ७ षटकांत १२ धावा गेल्या आणि ३ गडी मिळाले. अष्टपैलू खेळाडूला खरं घर दिलं ते या क्रिकेटने.

त्या वेळी भारतीय मंडळाचे अध्यक्ष होते नागपूरचे एन. के. पी. साळवे. विजेत्यांना बक्षीस द्यायला मंडळाकडे पैसे नव्हते, म्हणून दिल्लीत लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देता आले. साळव्यांनी पुढे हट्टाने विश्वचषक इंग्लंडबाहेर काढून १९८७ साली भारत-पाकिस्तानात आणला. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवस लहान. इंग्लंडच्या उन्हाळ्यासारखा रात्री नऊपर्यंत उजेड नाही. म्हणून ६० षटकांची ५० केली. विश्वचषकात आज ‘पन्नास षटकं’ हा जो आकडा पक्का झाला आहे, तो आपल्या लवकर मावळणाऱ्या सूर्याने ठरवला.

पैशाची दारं उघडली ती आणखी काही वर्षांनी, आणि मैदानावर नव्हे तर न्यायालयात. १९९३च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला. दूरदर्शनशिवाय कोणी प्रक्षेपण करायचं की नाही? फेब्रुवारी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. हा मुख्य निकाल न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिला. खेळावरच्या पुस्तकांत त्यांचं नाव फारसं दिसत नाही, पण भारतीय क्रिकेटच्या तिजोरीची किल्ली त्या निकालात होती, असं मी म्हणेन.

मघाशी पावसाचं गणित म्हटलं. १९९२च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी आठवा. दक्षिण आफ्रिकेला इंग्लंडविरुद्ध १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. पाऊस आला, बारा मिनिटं खेळ थांबला, आणि खेळाडू परतले तेव्हा शिल्लक राहिला एक चेंडू आणि करायच्या होत्या २१ धावा. तेव्हाचा नियम असा होता की वाया गेलेल्या षटकांइतकी, पहिल्या डावातली सर्वांत कमी धावांची षटकं लक्ष्यातून वगळायची. म्हणजे ज्यांनी आधी उत्तम गोलंदाजी केली त्यांनाच शिक्षा. यावर फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी जो उपाय शोधला, तो १ जानेवारी १९९७ रोजी हरारेत पहिल्यांदा वापरला गेला.

ही पद्धत अवघड आहे असं लोक म्हणतात. तिचं सूत्र मात्र एका वाक्याचं आहे: फलंदाजी करणाऱ्या संघाकडे संपत्ती दोन प्रकारची असते, उरलेली षटकं आणि उरलेले गडी, आणि दोन्ही एकत्र मोजायला हवी. २० षटकं म्हणजे ५० षटकांच्या ४० टक्के. पण दहाही गडी हातात असतील, तर त्या २० षटकांत संघ पन्नास षटकांच्या निम्म्याहून अधिक धावा करू शकतो, कारण गडी खर्चायला मोकळा असतो. आठ गडी गेले असतील, तर तीच २० षटकं जवळजवळ निरुपयोगी. आपण वर केलेला भागाकारच डकवर्थ आणि लुईस यांनी षटकागणिक मांडून दाखवला.

खेळाडूंनी मात्र हे गणित कागदावर उतरण्याआधीच ओळखलं होतं. २७ मार्च १९९४ला ऑकलंडमध्ये नवज्योत सिद्धूची मान आखडली आणि सचिनने सलामीला जाण्यासाठी गळ घातली. ४९ चेंडूंत ८२. रुपयाच्या नाण्यावर वाढलेल्या मुलाने ओळखलं होतं की पहिली पंधरा षटकं वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक असताना विकेट जपत बसणं हा तोटा आहे. तोवर जवळपास सत्तर सामन्यांत एकही शतक न केलेल्या या फलंदाजाची एकदिवसीय कारकीर्द खरी इथे सुरू झाली. १९९६मध्ये श्रीलंकेच्या जयसूर्या आणि कालुवितरणाने हाच विचार संघाचं धोरण म्हणून राबवला आणि विश्वचषक नेला. आधी जमवायचं आणि शेवटच्या दहा षटकांत उधळायचं, ही जुनी रीत मागे पडली.

मग टी-ट्वेंटी. पुन्हा इंग्लंड, पुन्हा रिकाम्या खुर्च्या. तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली आणि बेन्सन अँड हेजेस चषक २००२मध्ये बंद पडला. त्या जागी काय आणायचं? मंडळाच्या विपणन विभागातले स्टुअर्ट रॉबर्टसन यांनी लोकांना विचारून पाहिलं, तेव्हा उत्तर मिळालं की आम्हाला तीन तासांत संपणारं काहीतरी द्या. काउंट्यांच्या अध्यक्षांनी ११ विरुद्ध ७ मतांनी होकार दिला आणि १३ जून २००३ला स्पर्धा सुरू झाली. सामना संध्याकाळी साडेपाचला. इंग्लंडमध्ये जूनच्या संध्याकाळी उजेड भरपूर, त्यामुळे दिव्यांचाही खर्च नाही. मला या गोष्टीत एक गंमत वाटते. आपल्याकडच्या गल्लीत शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत जेवढा वेळ असतो, तेवढ्यात बसेल असंच क्रिकेट आम्ही कायम खेळत आलो. सहा षटकं, एक टप्पी आउट, भिंतीला लागला की चौकार. लॉर्ड्सच्या लोकांना जे २००३मध्ये सुचलं, ते गल्लीला वेळेच्या टंचाईने कधीच शिकवलं होतं.

भारतीय मंडळाला मात्र हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. २००७चा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक आला तेव्हा भारत तोवर एकच असा आंतरराष्ट्रीय सामना खेळला होता. सचिन, द्रविड, गांगुली गेले नाहीत. महेंद्रसिंग धोनी नावाच्या नव्या कर्णधाराकडे तरुण संघ दिला आणि २४ सप्टेंबरला जोहान्सबर्गमध्ये पाकिस्तानला पाच धावांनी हरवून तो संघ चषक घेऊन आला. विमानतळापासून वानखेडेपर्यंत पावसात निघालेली ती मिरवणूक ज्यांनी रस्त्यावर उभं राहून पाहिली, त्यांना मंडळाचं मत एका रात्रीत का बदललं हे वेगळं सांगायला नको. १८ एप्रिल २००८ला बंगळुरूत आयपीएलचा पहिला सामना झाला आणि ब्रेंडन मॅक्युलमने ७३ चेंडूंत नाबाद १५८ धावा ठोकल्या. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. लताबाईंच्या कार्यक्रमातून बक्षीस देणारं मंडळ ते हे मंडळ, मध्ये चाळीसेक वर्षंच गेली आहेत.

पैशाच्या या झगमगाटात एक गोष्ट मागे राहते, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. छोट्या क्रिकेटच्या वाटेवर बायका बहुतेक वेळा पुढे चालत होत्या. पहिला विश्वचषक १९७३चा, तो महिलांचा. पुरुषांचा दोन वर्षांनी. पहिला आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामना ५ ऑगस्ट २००४ला होव्हमध्ये इंग्लंड आणि न्यूझीलंडच्या महिलांत झाला. पुरुषांचा सहा महिन्यांनी. एकदिवसीय सामन्यातलं पहिलं द्विशतक? सचिनचं ग्वाल्हेरचं नव्हे. ते झालं मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर, १६ डिसेंबर १९९७ला. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या, सचिनच्या बारा वर्षं आधी. त्या दिवशी मैदानाबाहेरून रिक्षाने गेलेल्या किती जणांना आत काय घडतंय याचा पत्ता होता? २०२३मध्ये महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली, पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली, ३ कोटी ४० लाखांची, सांगलीच्या स्मृती मानधनावर लागली. आणि २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार. शालेय सामन्यातल्या सचिन आणि विनोद कांबळीच्या ६६४ धावांच्या भागीदारीत पॅड बांधून वाट बघत बसलेला तोच मुलगा, जो रणजीत हजारो धावा करूनही भारताकडून कधी खेळला नाही.

खेळ लहान झाल्याने त्याचा भूगोलही मोठा झाला. पाच दिवसांची कसोटी खेळायला देशाकडे खेळपट्ट्या, पैसा आणि पगारी खेळाडू लागतात. तीन तासांचा सामना सुट्टीच्या दिवशी नोकरी सांभाळून खेळता येतो. ६ जून २०२४ला डॅलसमध्ये अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर मुंबईकडून रणजी खेळलेला, नंतर संगणक अभियंता म्हणून अमेरिकेत स्थिरावलेला. ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट यापूर्वी एकदाच झालं, १९०० साली पॅरिसमध्ये, एकाच सामन्यापुरतं. २०२८च्या लॉस एंजेलिसमध्ये ते टी-ट्वेंटीच्या रूपाने परतत आहे, आणि तो निर्णय ऑक्टोबर २०२३मध्ये ऑलिम्पिक समितीच्या मुंबईतल्या अधिवेशनात झाला.

आता गोलंदाजाबद्दल, कारण या सगळ्या भागाकाराची किंमत त्याने मोजली. २००३ साली अनेकांना खात्री होती की टी-ट्वेंटी फिरकी संपवणार. झालं उलट. वेगवान चेंडू बॅटला लागला की त्याचाच वेग फटक्याला मिळतो. संथ चेंडूला सगळी ताकद फलंदाजाला स्वतःची घालावी लागते. त्यातून मनगटाने दोन्हीकडे वळवणारा असेल, तर फटका कुठल्या बाजूला मारायचा हेच कळत नाही. म्हणून अफगाणिस्तानच्या रशीद खानला जगभरच्या लीगमध्ये मागणी आहे. वेगवान गोलंदाजही शिकले. श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११च्या विश्वचषकात बोटांची पेरं टेकवून सोडलेला संथ चेंडू वापरला. जसप्रीत बुमराचा यॉर्कर का चालतो? बॅट झोपाळ्यासारखी वर जाते, आणि बुंध्याशी पडलेल्या चेंडूच्या खाली ती जाऊच शकत नाही. फलंदाजही गप्प बसले नाहीत. अणुशक्तीनगरमध्ये वाढलेल्या सूर्यकुमार यादवचे यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून जाणारे फटके रबरी चेंडूने सिमेंटच्या खेळपट्टीवर घडले. तिथे चेंडू छातीपर्यंत उसळतो, म्हणून त्याला मागे वळवून पाठवायचं.

कसोटीवरही याची छाया पडली, आणि ती सगळीच वाईट नाही. आयपीएलच्या पहिल्या रात्रीचा तो मॅक्युलम २०२२मध्ये इंग्लंडच्या कसोटी संघाचा प्रशिक्षक झाला आणि त्याच वर्षी रावळपिंडीत त्याच्या संघाने पहिल्या दिवशी ४ बाद ५०६ धावा केल्या. २०२४मध्ये कानपूरला दोन दिवसांहून जास्त खेळ पावसात गेला असताना भारताने ३४.४ षटकांत २८५ धावा करून डाव सोडला आणि बांगलादेशाविरुद्धची ती कसोटी जिंकली. टी-ट्वेंटी नसती तर तो सामना अनिर्णित राहिला असता, याबद्दल मला शंका नाही.

पण एका बाबतीत मला राग येतो. गड्याची किंमत उतरल्याने फलंदाजाचं पारडं आपोआप जड झालं होतंच. त्यावर आणखी वजन टाकायची गरज नव्हती. सीमारेषेची दोरी आत ओढली, खेळपट्ट्या सपाट केल्या, बॅटच्या कडा इतक्या जाड झाल्या की २०१७मध्ये ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. आयपीएलमध्ये २०२३पासून इम्पॅक्ट प्लेअर आला, म्हणजे आणखी एक फलंदाज, आणि १९८३ने घडवलेल्या अष्टपैलूची जागा पुन्हा गेली. रोहित शर्माने या नियमाविरुद्ध उघड मत दिलं, ते मला पूर्णपणे पटतं. १५ एप्रिल २०२४ला हैदराबादने बंगळुरूविरुद्ध २० षटकांत २८७ धावा केल्या. षटकार जेव्हा इतका स्वस्त होतो, तेव्हा तो मारणाऱ्याचं कसबही स्वस्त होतं. दोरी मागे घ्या, खेळपट्टीवर थोडं गवत ठेवा, इम्पॅक्ट प्लेअर काढून टाका. एवढं केलं तरी पुरेसं आहे.

२०२३च्या आयपीएलच्या बाद फेरीत मंडळाने जाहीर केलं की प्रत्येक निर्धाव चेंडूमागे ५०० रोपं लावू, आणि पडद्यावर टिंबाच्या जागी झाडाचं चित्र येऊ लागलं. १२० चेंडूंच्या डावातला एक चेंडू कोरा जाणं किती मोठी गोष्ट आहे, हे त्या चित्राने सहज सांगितलं. पुढचा सामना बघताना एकदा षटकार मोजणं सोडा आणि ही झाडं मोजा. सोळाव्या षटकानंतर, दोन फलंदाज जमलेले असताना, कोणता गोलंदाज एका षटकात दोन झाडं उगवतो ते बघा. मुलाला शेजारी बसवून दाखवा.